प्रिंटरला नाव नव्हतं, म्हणून मावशींचं नाव पुढं आलं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची पोरं शाळेत जातात त्यांनी, आणि जे शाळेत नोकरीला आहेत त्यांनी, जमलं तर पूर्ण वाचा. शाळा कोणती ते विचारू नका, अंदाजही बांधू नका. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारूनच लिहितोय. आणि यात सगळ्यात आधी चूक कोणाची, हे वाचता वाचता कळेलच.

सोनईत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. टोनर भरणं, विंडोज टाकणं, राऊटर बसवणं, अशी कामं. चौदा-पंधरा वर्षं झाली. कारखान्याचं गाळप सुरू झालं की गावात वर्दळ वाढते, पण माझ्या धंद्याचे हंगाम वेगळे. एक जूनचा आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीचा. जूनमध्ये शाळांना दाखले, बोनाफाईड, प्रवेशाचे अर्ज छापायचे असतात. जानेवारीपासून दहावी-बारावीची पूर्वपरीक्षा, मग बोर्डाची हॉलतिकिटं. आता हॉलतिकिटं ऑनलाईन येतात. शाळेनं ती डाऊनलोड करून, छापून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं द्यायची, आणि त्या छपाईचे पैसे पोरांकडून घ्यायचे नाहीत, असं बोर्ड दरवर्षी सांगतं. योग्यच आहे. पण छापायचं कशावर, टोनर कोण भरणार, मशीन बंद पडलं तर कोण बघणार, हे कुणी सांगत नाही. मग फोन मला येतो.

तर आपल्याच भागातल्या एका शाळेत माजी विद्यार्थ्यांनी एका कंपनीतून वापरलेली तीन मोठी मशीन आणून दिली. छपाई, झेरॉक्स, स्कॅन, सगळं एकात. तिन्ही एकाच मॉडेलची. एक ऑफिसात, एक शिक्षकांच्या खोलीत, एक संगणक कक्षात. सगळ्या संगणकांना तिन्ही जोडून द्यायची, कोणीही कुठूनही छापू शकलं पाहिजे, असं काम मला मिळालं. मी एका दिवसात करून दिलं. ऑफिसातला संगणक मध्ये ठेवला, म्हणजे शाळेतलं प्रत्येक प्रिंट आधी त्याच्याकडं जाणार आणि तो पुढं मशीनला देणार. पैसे घेतले, चहा घेतला, घरी आलो.

दोन गोष्टी मी केल्या नाहीत. एक, मशीनना नावं दिली नाहीत. विंडोजनं स्वतःच मॉडेलचं लांबलचक नाव घेतलं, दुसऱ्याला त्याच नावापुढं ‘कॉपी १’, तिसऱ्याला ‘कॉपी २’. दुसरी गोष्ट, मशीनचे पत्ते पक्के केले नाहीत. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. तो वाटायचं काम राऊटर करतो. राऊटर म्हणजे भक्तनिवासातल्या मॅनेजरसारखा. लाईट गेली आणि आली, की तो खोल्या नव्यानं वाटू शकतो. काल दोन नंबरला असलेला माणूस आज सात नंबरला. संगणक मात्र दोन नंबरचंच दार वाजवत बसतो आणि म्हणतो, ‘प्रिंटर ऑफलाईन’. आपल्याकडं लाईटचं काय आहे ते मी सांगायला नको.

जानेवारीत पूर्वपरीक्षा होती. विज्ञानाच्या सरांनी संध्याकाळी थांबून पेपर तयार केला. दुपारी लाईट जाऊन आली होती. शिक्षकांच्या खोलीतल्या मशीनचा पत्ता बदललेला. सरांनी प्रिंट दिलं, काही आलं नाही. पुन्हा दिलं, नाही आलं. मग यादीत दुसरं तसंच नाव दिसलं, ‘कॉपी १’. त्यावर दिलं. तरी काही नाही. सर कंटाळले. पेन ड्राईव्हवर घेतलं आणि गावातून छापून आणू म्हणून निघून गेले. आता सरांना तरी काय दोष द्यायचा? तिथं कुठं लिहिलं होतं की ‘कॉपी १’ म्हणजे संगणक कक्ष?

संगणक कक्ष तेव्हा बंद होता. मेन स्विच बंद, कुलूप लावलेलं. ते प्रिंट ऑफिसातल्या संगणकात रांगेत उभं राहिलं. प्रिंटरच्या रांगेला लाज नसते. ती रात्रभर उभी राहते.

सकाळी क्लार्कनं ऑफिसातला संगणक लावला. साडेदहाच्या सुमाराला मावशींनी संगणक कक्षाचं कुलूप काढलं, झाडून घेतलं, मेन स्विच टाकला. मशीन गरम झालं आणि पेपर छापून बाहेर पडला. मावशी तोवर पुढच्या वर्गाकडं गेल्या होत्या. पहिला तास संगणकाचा. पोरं आत आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुणाच्या तरी दप्तरात मोबाईल होताच. दुपारपर्यंत पेपर व्हॉट्सॲपवर.

पूर्वपरीक्षाच ती, बोर्डाची नाही, असं कुणी म्हणेल. पण दिवस कसे आहेत बघा. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताचा पेपर फुटला, विधानसभेत गाजला आणि तपास आपल्या जिल्ह्यापर्यंत आला. तेव्हापासून पेपर म्हटलं की शाळेच्या छातीत धडधडतं. परीक्षेच्या काळात केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचे आदेश निघतात, माझंही शटर खाली असतं. त्यामुळं मुख्याध्यापक घाबरले, आणि घाबरलेला माणूस आधी कारण शोधत नाही, माणूस शोधतो.

माणूस सापडला. चावी मावशींकडं. कक्ष मावशींनी उघडला. आणि मावशींची पोरगी त्याच शाळेत, दहावीला.

झालं. तीन गोष्टी एकापुढं एक ठेवल्या की गोष्ट तयार होते. मावशी कायम नोकरीत नाहीत, शाळा वरच्या फंडातून त्यांना महिन्याला काहीतरी देते. त्यांना सांगितलं, ‘सध्या येऊ नका.’ कागद नाही, नोटीस नाही. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘शिपाई बाईनेच पोरीसाठी काढला.’ त्याखाली अंगठे पडले. माझाही त्या ग्रुपमध्ये नंबर आहे. मी अंगठा दिला नाही, पण वाचून पुढं गेलो. हेही लिहितोय, कारण ते खरं आहे.

चौथ्या दिवशी मावशी दुकानात आल्या. पोरीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची झेरॉक्स काढायला. मी सहज म्हणालो, ‘मावशी, शाळेत नाही का आज?’ त्या म्हणाल्या, ‘दादा, मला बटन दाबता येतं. त्या मशीनीत काय चाललंय ते मला कळत न्हाय. कळत असतं तर झाडू कशाला मारला असता?’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘माझं जाऊ द्या. पोरगी शाळेत जायला तयार न्हाय. परीक्षा तोंडावर आलीया.’

मी झेरॉक्सचे दोन रुपये घेतले नाहीत, म्हणजे फार मोठं काही केलं नाही. पण त्या गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. मशीन मी बसवलं होतं. कुणी कुठून छापलं हे मशीनला माहीत असतं. मग मशीनला कुणीच कसं विचारलं नाही?

दुसऱ्या दिवशी न बोलावता शाळेत गेलो. आधी ऑफिसातला संगणक बघितला. विंडोजमध्ये प्रिंटची एक नोंदवही असते, पण ती मुळात बंद ठेवलेली असते, कुणीतरी चालू करावी लागते. मी ती केली नव्हती. तिसरी चूक. पण या मोठ्या मशीनची स्वतःचीही वही असते. त्यांचा पत्ता ब्राऊझरमध्ये टाकला की आतलं पान उघडतं: टोनर किती उरला, आजवर किती पानं छापली, आणि शेवटची कामं कोणती. वेळ, किती पानं, कोणत्या नावानं पाठवलं. संगणक कक्षातल्या मशीनच्या त्या यादीत त्या सकाळची ओळ होती. पाठवणाऱ्याच्या जागी शिक्षकांच्या खोलीतल्या संगणकाचं लॉगिन. फाईलचं नावही पेपरचंच.

मावशींकडं ते लॉगिन नव्हतं. त्या खोलीतला संगणक त्यांनी फडक्यानं पुसण्यापलीकडं कधी हात लावला नव्हता.

मुख्याध्यापकांना दाखवलं. विज्ञानाच्या सरांना बोलावलं. माणूस चांगला. ओळ बघताक्षणी म्हणाले, ‘अरे, ते मी दिलेलं. मला वाटलं गेलंच नाही.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं, ‘सर, तुमच्याआधी माझं नाव लिहा. नावं मी द्यायला पाहिजे होती.’

मावशी परत कामावर आल्या. पोरगी परीक्षेला बसली. पण ज्या ग्रुपवर आरोप झाला, त्या ग्रुपवर कुणी लिहिलं नाही की ते खोटं होतं. ‘मिटलं ना, आता कशाला उकरता’ असं मला सांगण्यात आलं. मिटलं कुणाचं? आपलं मिटलं. मावशी बाजारात गेल्या तर त्यांच्याकडं बघणाऱ्याच्या डोक्यात अजून तोच मेसेज आहे. म्हणून ही पोस्ट.

आता जरा यंत्राबद्दल, कारण राग येऊन उपयोग नाही, दुरुस्ती झाली पाहिजे.

शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं नसतात, २०११ साली बँकेची शाखा निघाली तीही कुलपाशिवायची, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. तिथं राखण करायला शनिदेव आहेत अशी श्रद्धा आहे. शाळेतल्या प्रिंटरची राखण कोण करतं? मी ज्या ज्या शाळेत जातो तिथं प्रिंटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड एकतर नसतो, नाहीतर कंपनीनं दिलेला तोच असतो. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर. म्हणजे आवारात उभा राहिलेला कुणीही मोबाईलवरून छापू शकतो. आणि प्रिंटर इंटरनेटला उघडा राहिला तर आवारात यायचीही गरज नाही. अमेरिकेत मार्च २०१६ मध्ये अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरमधून ज्यूंविरुद्धची द्वेषाची पत्रकं आपोआप बाहेर पडली. कुणी आत शिरलं नव्हतं, प्रिंटरच जगाला उघडे होते. २०१८ मध्ये एका यूट्यूबरच्या चाहत्यानं जगभरातल्या सुमारे ५० हजार प्रिंटरवर त्याची जाहिरात छापून दाखवली. ही थट्टा होती. पण आपल्याकडच्या शाळेत तसलं पत्रक निघालं तर पहिला संशय कुणावर जाईल, हे आता मला माहीत आहे.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या एका प्रयोगशाळेत सगळ्यांसाठी मिळून एक प्रिंटर होता, वेगळ्या मजल्यावर. कागद अडकला की कुणालाच कळायचं नाही, लोक जाऊन बघायचे तर काहीच छापलेलं नसायचं. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत असा बदल केला होता की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. नवीन प्रिंटर आला, तेव्हा त्याची आतली प्रणाली द्यायला नकार मिळाला. तो राग त्याच्या मनात राहिला आणि १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं. आज लिनक्स म्हणून जे आपण शाळांच्या जुन्या संगणकांवर फुकट टाकतो, त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. म्हणजे सगळ्यांच्या प्रिंटरचं काय चाललंय हे सगळ्यांना कळावं, ही मागणी क्षुल्लक नाही.

आपल्याकडं हे बघायला माणूस का नाही, तेही सांगतो. आयसीटी योजनेत शाळांना संगणक कक्ष मिळाले, सोबत संगणक शिक्षक मिळाले, पण करार पाच वर्षांचा. करार संपला, शिक्षक गेले, मशीन राहिली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना समग्र शिक्षातून संयुक्त अनुदान येतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. दहा हजार म्हणजे महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि टोनर. आणि कागद मात्र वाढतच चाललाय. युडायस, सरल, अपार, पोषण आहार, शिष्यवृत्ती, सगळं ऑनलाईन म्हणायचं आणि शेवटी ‘एक प्रिंट काढून फाईलला लावा’. कितीतरी गुरुजी आणि बाई स्वतःच्या खिशातून माझ्याकडं झेरॉक्स काढून जातात. ते कुठल्याच हिशेबात येत नाही.

म्हणून मी आता ज्या शाळेत प्रिंटर जोडतो, तिथं या गोष्टी केल्याशिवाय पैसे घेत नाही. तुमच्या शाळेतही विचारा.

१. नाव. खोलीचं नाव हेच प्रिंटरचं नाव. ‘ऑफिस’, ‘शिक्षक खोली’, ‘संगणक कक्ष’. तेच नाव मशीनवर मार्करनं मोठ्या अक्षरात. विंडोज १० पासून एक सोय आहे, शेवटचा वापरलेला प्रिंटर तो आपोआप कायमचा धरतो. ती बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे.

२. पक्का पत्ता. राऊटरमध्ये प्रत्येक प्रिंटरचा आयपी राखून ठेवा आणि नावाखाली चिकटवा. निम्म्या ‘ऑफलाईन’च्या तक्रारी तिथंच संपतात. आणि लेझर प्रिंटर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर लावू नका. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो. इन्व्हर्टरवर राऊटर ठेवा.

३. पासवर्ड. मशीनच्या आतल्या पानाला वेगळा, वाय-फायला वेगळा. पाहुण्यांच्या मोबाईलला प्रिंटर दिसायचं कारण नाही.

४. नोंदवही चालू. ऑफिसातल्या संगणकात इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात प्रिंटसर्व्हिसखाली ‘ऑपरेशनल’ सापडेल, त्यावर राईट क्लिक करून ‘एनेबल लॉग’. मग कुणी, केव्हा, कुठल्या प्रिंटरवर, किती पानं, हे राहतं. कागदाचं नाव त्यात सहसा येत नाही, आणि ते बरंच आहे. कुणी बदलीचा अर्ज छापला हे मुख्याध्यापकांना कळायची गरज नाही.

५. मीटर रीडिंग. लाईटच्या मीटरसारखा प्रिंटरलाही आकडा असतो. दर महिन्याच्या १ तारखेला तो वहीत लिहा. समजा मागं ४८,२१० होता आणि आज ५१,४१० आहे, तर ३,२०० पानं छापली, म्हणजे एकाच बाजूनं छापलं असेल तर सहा रिमांपेक्षा जास्त. पाठपोट छापलं तर कागद निम्मा. टोनरच्या डब्यावर लिहिलेली पानं ही पानाचा पाच टक्के भाग काळा धरून काढलेली असतात. शिरोरेघ असलेल्या आपल्या ठळक मथळ्यांना आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सला ते गणित लागू होत नाही. हा आकडा हातात असला की समितीपुढं पैसे मागताना तोंड वर करून मागता येतात.

६. पेपर छापताना माणूस मशीनपाशी. मोठ्या मशीनमध्ये पिन टाकल्याशिवाय न छापायची सोय असते, ती वापरा. नसेल तर उभं राहून छापा. आलं नाही तर रांग उघडून काम रद्द करा, तसंच सोडून जाऊ नका. श्रीलिपीतला पेपर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची काटेरी झुडपं होतात, म्हणून आधी पीडीएफ करा.

७. पाठकोरे कागद. हे ऐकून तुम्हाला हसू येईल, पण मला आलं नाही. एका शाळेत चित्रकलेसाठी पोरांना दिलेले पाठकोरे कागद मी बघितले. पुढं डोंगर, सूर्य, झोपडी. मागं दुसऱ्या पोरांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं. ट्रेमध्ये पडलेले कागद गोळा करून दिलेले. काटकसर चांगली, पण २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा सोडा, साधी लाज म्हणून तरी ते कागद फाडून टाका.

आणि आठवी गोष्ट, जी यंत्रात नाही. ही नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. महिन्याची बेरीज शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावा. एकट्या साहेबाच्या हातात राहिलेली नोंद म्हणजे पाळत. भिंतीवरची नोंद म्हणजे हिशेब. शिक्षक म्हणतात, आधीच आमच्यावर इतक्या नजरा, त्यात प्रिंटरची कशाला? बरोबर आहे. मीही आधी तेच म्हणायचो. पण या प्रकरणात एक दिसलं. नोंद नसते तेव्हा संशय वर चढत नाही, खाली उतरतो. मुख्याध्यापकांवरून शिक्षकांवर, शिक्षकांवरून क्लार्कवर, आणि शेवटी झाडू असलेल्या हातावर येऊन थांबतो. ज्याच्या बाजूनं बोलायला संघटना नाही, त्याच्या बाजूनं ती एक ओळ बोलली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पुढच्या सभेला रंगकाम आणि गॅदरिंगचा विषय झाला की एवढंच विचारा: ‘आपल्या प्रिंटरची नावं काय आहेत, आणि या महिन्याचं रीडिंग किती?’ उत्तर नसेल तर मला फोन करा. सोनई आणि आसपासच्या जिल्हा परिषद शाळांना या पहिल्या पाच गोष्टी मी रविवारी येऊन फुकट करून देईन. उपकार नाही, भरपाई समजा.

शेवटी एक. त्या ग्रुपवर ज्यांनी अंगठा दिला होता, त्यांतले बरेच जण माझ्या यादीत आहेत आणि हे वाचतील. मावशी रोज सकाळी साडेदहाच्या आधी शाळेत असतात. जाता-येता दिसल्या तर नुसतं ‘काय मावशी, बरंय ना’ एवढं म्हणा. माफी मागायला नाही जमलं तरी चालेल, त्यांनीही ती मागितलेली नाही. त्यांनी माझ्याकडं एकच मागितलं होतं: ‘दादा, मी काही केलं नव्हतं, एवढं तरी लिहा.’

त्यांनी काही केलं नव्हतं.